किंडल, म्हणजे अ‍ॅमेझॉनचं ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, घेतलं तर माझ्याकडच्या ईपब आणि पीडीएफ फाइल चालतील का?

ईपब, म्हणजे ई-पुस्तकांचा प्रमाण फॉरमॅट, चालेल, पण वळसा घालून. केबलने नुसती कॉपी केली तर किंडल ती उघडत नाही. 'सेंड टू किंडल' या अ‍ॅमेझॉनच्याच सेवेने पाठवा, अ‍ॅमेझॉन ती बदलून देतं. २०२२पासून ही सोय आहे. किंडल आणि ईपबचं भांडण जुनंच. २००७मध्ये ईपब प्रमाण ठरलं आणि त्याच वर्षी आलेल्या किंडलने मोबी या दुसऱ्या ई-पुस्तक फॉरमॅटच्या घराण्यातला स्वतःचा फॉरमॅट धरला. कोबो या दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर ईपब थेट उघडतं.

खरी डोकेदुखी पीडीएफची. ठाण्याहून सीएसएमटी लोकलमध्ये सहा इंची पडद्यावर स्कॅन केलेला जुना दिवाळी अंक उघडला होता. अक्षर मुंगीएवढं! मोठं करावं तर प्रत्येक ओळ सरकवत वाचायची, तीही एका हाताने, दुसऱ्या हातात कडी. मुलुंड यायच्या आत नाद सोडला. स्कॅनच जास्त असतील तर सरळ दहा इंची टॅबलेट घ्या.