सामाईक डेटालिंक: यातला 'शेअर्ड' नेमका कोणता?

प्रश्न असा आहे: युरोपातल्या हवाई वाहतुकीवरच्या एका अनुवादित मजकुरात 'हवाई वाहतूक व्यवस्थापनाच्या आधुनिकीकरणासाठी सामायिक विदा-दुवा सेवा' असं वाचलं. मूळ शब्द 'शेअर्ड डेटालिंक'; डेटालिंक म्हणजे जमिनीवरचे हवाई वाहतूक नियंत्रक आणि वैमानिक यांच्यातला लेखी संदेशांचा दुवा. हा अनुवाद बरोबर आहे का? की 'सामूहिक' किंवा 'संयुक्त' हवं?

'विदा-दुवा' आधी निकालात काढू. दोन्ही शब्द सुटे असले की चालतात, पण जोडीने आले की लेक सासरी निघाल्यासारखं वाटतं. या क्षेत्रातले लोक 'डेटालिंक' म्हणतात आणि ती स्त्रीलिंगी वापरतात: डेटालिंक लागली, डेटालिंक तुटली. तसंच ठेवावं.

खरी गंमत 'शेअर्ड'मध्ये आहे. इंग्रजी 'शेअर' म्हणजे वाटाही आणि सगळ्यांचं मिळून असलेलंही. मराठीत या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध टोकाला आहेत. जमिनीची वाटणी झाली की ती सामाईक राहत नाही. सामाईक आहे याचा अर्थच वाटणी झालेली नाही. सामाईक विहिरीवर कोणाचं पाणी कोणतं हे ठरलेलं नसतं, ठरलेली असते ती पाळी. म्हणून अनुवाद करण्याआधी विचारायला हवं, की इथे काय वाटून घेतलंय आणि काय मिळून ठेवलंय?

डेटालिंकवर नियंत्रक वैमानिकाला सूचना बोलून नाही, लिहून पाठवतो. 'अमुक उंचीवर जा' असा संदेश कॉकपिटमधल्या पडद्यावर उमटतो आणि वैमानिक 'विल्को' असं उत्तर पाठवतो. (विल्को म्हणजे 'करतो', रॉजर म्हणजे नुसतं 'ऐकलं'. आपल्या 'बरं'मध्ये दोन्ही मावतात, म्हणून ते तिथे चालणार नाही.) अरबी समुद्रावर याची गरज वेगळ्या कारणाने पडते. किनाऱ्यावरचा व्हीएचएफ (जवळच्या पल्ल्याचा) रेडिओ तिथवर पोचत नाही आणि लांब पल्ल्याच्या एचएफ रेडिओवर खरखर फार. त्यामुळे मुंबईच्या हद्दीत शिरणारं विमान 'व्हीएबीएफ' या संकेतावर लॉगऑन करतं आणि संदेश उपग्रहामार्फत जातात. युरोपात आवाज पोचतो, पण बोलणाऱ्यांची गर्दी झालेली असते.

ही गर्दी कमी करण्यासाठी युरोपीय संघाने 2009 साली नियम केला, की 28,500 फुटांच्या वर उडणाऱ्या विमानांत, मोजके अपवाद सोडून, डेटालिंक हवीच. आणि मग गर्दी डेटालिंकवरच झाली! बराच काळ सगळा भार 136.975 मेगाहर्ट्झ या एकाच वाहिनीवर होता, तिचा वेग सेकंदाला 31.5 किलोबिट. प्रत्येक रेडिओ आधी कानोसा घेतो आणि वाहिनी मोकळी वाटली की संदेश सोडतो. अडचण अशी, की जमिनीवरची दोन दूरची केंद्रं एकमेकांना ऐकू येत नाहीत, पण उंचावरच्या विमानाला दोन्ही ऐकू येतात. दोघांनी एकाच वेळी संदेश सोडला की ते आदळतात आणि पुन्हा पाठवावे लागतात. संपर्क मध्येच तुटायचे प्रकार इतके वाढले, की विमानांसाठीची मुदत 2015 वरून 2020 वर ढकलावी लागली. उपायांत वाहिन्या वाढवणं हा मुख्य होता.

हा झाला पहिला 'शेअर्ड'. इथे वाहिनी एक आणि वापरणारे अनेक, म्हणून 'सामाईक वाहिनी' चपखल बसतं. वाहिन्या वाढवून भार विभागला, की ती वाटणी झाली. दुसरा 'शेअर्ड' सेवेचा आहे. विमानाचा संदेश जमिनीवर आणून नियंत्रण केंद्रापर्यंत पोचवणाऱ्या कंपन्यांत सिटा आणि एरिंक ही दोन मोठी नावं. प्रत्येक देशाने वेगळा करार करून वेगळी यंत्रणा जोडण्यापेक्षा अनेक देशांच्या हवाई वाहतूक संस्थांनी मिळून एकच सेवा घ्यावी, असा हा विचार आहे. त्यालाही 'सामाईक' चालतं, कारण ती कोणा एकाची नाही आणि तुकड्यांत वाटलेलीही नाही.

'सामूहिक' मला पटत नाही. सामूहिक म्हणजे सगळ्यांनी एकत्र केलेली कृती: सामूहिक विवाह, सामूहिक कवायत. विमानं इथे काहीच एकत्र करत नाहीत, उलट पाळीपाळीने बोलतात. 'संयुक्त' सेवेला नाही, पण करणाऱ्यांना शोभेल. चार संस्थांचा प्रकल्प संयुक्त, त्यातून उभी राहिलेली सेवा सामाईक.

राहिलं 'सामायिक'. छापील मजकुरात ते 'सामाईक'च्या अर्थाने सर्रास दिसतं आणि मी कोणाला चूक म्हणणार नाही. पण जैन घरांत 'सामायिक' म्हणजे 48 मिनिटांची समभावाची साधना, आणि ते विशेषण नव्हे, नाम आहे. 'सामाईक' लिहिलं की हा घोटाळाच उरत नाही.

तुमच्या वाक्यात मी असा बदल करेन: 'हवाई वाहतूक व्यवस्थापनाच्या आधुनिकीकरणासाठी सामाईक डेटालिंक सेवा'. 'हवाई वाहतूक व्यवस्थापन'च्या जागी 'एटीएम' (एअर ट्रॅफिक मॅनेजमेंट) मात्र लिहू नका, वाचणारा पैसे काढायला निघेल.