जुनी प्लग-इन हायब्रिड एसयूव्ही घेताना

दादा, प्लग-इन हायब्रिड म्हणजे पेट्रोलवरही आणि प्लगला लावून चार्ज केलेल्या बॅटरीवरही चालणारी गाडी. तेव्हा किलोमीटर नंतर बघा, आधी बॅटरी. व्होल्वो एक्ससी९० टी८ बघत असाल तर पेट्रोल इंजिन पुढची चाकं ओढतं आणि इलेक्ट्रिक मोटर मागची, म्हणून दोन्हींची तपासणी वेगवेगळी करा. रात्रभर पूर्ण चार्ज करून सकाळी साताऱ्याच्या सपाट रस्त्यावर प्युअर मोडमध्ये, म्हणजे फक्त विजेवर, हळू चालवा. इंजिन सारखं सुरू होत असेल तर बॅटरी किंवा कूलंट हीटरवर (केबिनसाठी कूलंट गरम करणारा विजेवरचा हीटर) संशय घ्या. मग यवतेश्वर घाट चढा. तिथे इंजिन लागणारच, पण ते झटका न देता जोडलं जायला हवं. उतरताना चार्ज वाढतोय ना, बघा. भलभलते एरर दिसले तर आधी १२ व्होल्टची बॅटरी मोजा, बऱ्याचदा तीच कमकुवत असते. हाय-व्होल्टेज, म्हणजे गाडी ओढणाऱ्या मोठ्या बॅटरीचा सर्व्हिस सेंटरचा लेखी अहवाल मिळेपर्यंत बयाणा अजिबात देऊ नका. चार्जिंगसाठी घरी अर्थिंगसह १६ अँपिअरचा पॉइंट हवाच.