पहिल्या वर्षाची वही टाकू नकोस

अरे, डिझाइनच्या पहिल्या वर्षात काहीच जमलं नाही असं वाटतंय ना? जूनमधली वही काढ आणि आत्ताच्या कामाशेजारी ठेव. फसलेली चित्रंही. मी माझी लाजेने फेकली, उरलेल्यांना पावसाळ्यात बुरशी आली. तू पत्र्याच्या डब्यात ठेव.

चुका बहुतेकांच्या दोनच:
– पेन्सिलीआधी लॅपटॉप उघडणं.
– सगळं मोबाइलवरच बघणं.

एकदा सावंतवाडीला जाऊन गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, बघ. दशावतारी जोडात 10 अवतार, प्रत्येकाची 12, म्हणजे 120 गोल पानं. तरी मत्स्य आणि कूर्म चटकन वेगळे कळतात. कसे, ते चार पानं हाताने काढून बघ. ग्रिडबिड, म्हणजे मांडणीसाठी आखायच्या रेघा, पुढच्या वर्षी. आणि वहीच्या प्रत्येक पानावर तारीख घाल रे!