आयजीच्या जिवावर वैराग्य

पत्र :
ताई, नमस्कार. वय 49. सोलापुरात अक्कलकोट रोडला आमचा टॉवेलचा कारखाना आहे. वडिलांनी उभा केला, आता मी आणि धाकटा भाऊ बघतो. मागच्या श्रावणात वडील गेले, तेव्हापासून कशातच मन लागत नाही. पहाटे साडेतीनला उठून जप-ध्यान करतो, उजाडलं की सिद्धेश्वराच्या देवळात जाऊन बसतो. मीठ-साखर सोडली. ब्रह्मचर्य पाळतोय, त्याला वर्ष होत आलं. एका महाराजांकडे जातो. ते म्हणतात, मोह सुटल्याशिवाय पुढची वाट दिसणार नाही. कारखान्यातला माझा हिस्सा भावाच्या नावे करावा, मुलीच्या नावाची एफडी मोडून आश्रमाला द्यावी आणि तिकडेच राहायला जावं, असं मनात आहे. मुलगी बारावीला आहे. बायको काही बोलत नाही, पण हल्ली हॉलमध्ये झोपते. पहाटे पाणी आलं की ती मोटर लावते, माझं ध्यान मोडतं आणि भयंकर संताप येतो. सांगायला लाज वाटते, पण डोळे मिटले की शेंगाचटणी आठवते. इच्छा सुटत का नाहीत? माझं कुठं चुकतंय?
— एक साधक, सोलापूर

उत्तर :
साधकदादा,

शेंगाचटणीचं आधी सांगते, कारण त्यातच तुम्हाला सगळ्यात जास्त लाज वाटतेय आणि तिथंच ती वाटायचं काही कारण नाही. उखळात कुटून तेल सुटलेली लालबुंद चटणी, वर दही आणि बाजूला कडक भाकरी. सोलापुरात जन्मलेल्या जिभेनं हे विसरायचं म्हणजे फारच झालं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातच सांगून ठेवलंय की आहार सोडणाऱ्यापासून विषय लांब जातात, पण त्यांची गोडी मागे उरते. ती जाते ते त्याहून मोठं काही दिसल्यावर. म्हणजे तुमचं जे होतंय ते जुनंच दुखणं आहे, त्याची कल्पना फार आधीपासूनची आहे. चटणी आठवली तर आठवू द्या. ती दोन मिनिटांत जाते. तिच्याशी भांडत बसलात तर तासभर मुक्काम करते.

मला काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटली. तुम्ही मीठ सोडलंत. मग ती अळणी भाजी वेगळ्या पातेल्यात रोज कोण करतं? पत्रात त्याचा उल्लेख नाही. तुमच्या व्रतानं घरातलं एक पातेलं कमी झालं नाही, वाढलं. आणि ते घासायचं काम तुमच्याकडे आलं असेल असं काही मला वाटत नाही.

मोटरचंही तेच. आपल्या गावात नळाला रोज पाणी येत नाही हे मी तुम्हाला काय सांगायचं. काही दिवसांआड येतं, तेही कधी मध्यरात्री, कधी पहाटे. ते आलं की कुणीतरी उठावंच लागतं. आधी मोटर, मग टाकी, मग पिंप, मग पिण्याचे हंडे, आणि कधी गढूळ आलं तर पुन्हा गाळणं. जपाला बसण्याआधी तुम्ही ज्या पाण्यानं आंघोळ करता, ते त्याच मोटरनं वर चढलेलं असतं. वहिनी झोपमोड करून ते चढवतात, आणि तुम्हाला त्यांचा राग येतो. दादा, शेंगाचटणीपेक्षा हा राग तपासा. जेवणातलं मीठ सोडणं त्या मानानं सोपं; आपल्या शांततेत कुणी व्यत्यय आणू नये ही इच्छा फार चिवट असते, आणि तिला कुणी इच्छा म्हणतही नाही. ती साधनेच्या कपड्यात हिंडते.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही काय काय सोडलंत आणि काय सोडणार आहात, त्याची यादी पुन्हा वाचा. मीठ-साखर तुमची. कारखान्यातला हिस्सा निम्मा तुमचा, निम्मा तुमच्या बायकोमुलीच्या पोटाचा. एफडी मुलीची. शरीरसंबंध दोघांचा. म्हणजे मीठ-साखर वगळता जे जे सोडताय, त्यात दुसऱ्याचा वाटा आहे. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच. घरादारावर तुळशीपत्र ठेवायला हरकत नाही, पण ज्या घरावर ठेवायचं ते आपल्या एकट्याचं असावं.

तुकोबांची गोष्ट तुम्ही कीर्तनात दहा वेळा ऐकली असेल. दुष्काळ पडला, पहिली बायको आणि मुलगा गेला, मन उठलं, आणि त्यांनी सावकारीची खतपत्रं इंद्रायणीत बुडवली. पुढचा भाग मात्र घाईत सांगितला जातो. त्यांनी आधी वाटणी केली. भाऊ कान्होबाच्या वाट्याचे कागद त्याच्या हातात दिले, कारण त्याला संसार करायचा होता. बुडवले ते स्वतःच्या निम्म्या वाट्याचे. त्यातही ती येणी होती, लोकांकडून यायची रक्कम. देणी नव्हती. लोक आपलं देणं लागतात ते सोडलं तर तो त्याग. आपण लोकांचं देणं लागतो ते सोडलं तर त्याला बाजारात वेगळं नाव आहे. तुमच्या मुलीचं शिक्षण हे तुमचं देणं आहे, येणं नव्हे. (आणि तुकोबांच्या वैराग्याचे चटके त्यांच्या दुसऱ्या बायकोला, जिजाईला, बसलेच. तिचं तोंड फटकळ होतं म्हणून आपण हसतो. पोरांना खायला काय घालायचं हा प्रश्न तिचा होता, हे सोयीनं विसरतो.)

संसार सोडायला आपल्या परंपरेत मनाई नाही, पण ती डोळे झाकून मोकळीकही देत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, बायकामुलांची तजवीज न करता संन्यास घेणाऱ्याला चक्क दंड सांगितलाय, आणि वय उतरल्यावर संन्यास घ्यायचा तर धर्मस्थांना, म्हणजे न्यायाधीशांना, विचारून घ्यावा असंही म्हटलंय. ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत काशीला जाऊन संन्यासी झाले. त्यांच्या गुरूंना आळंदीत त्यांची बायको भेटली, खरा प्रकार कळला, तेव्हा गुरूंनीच त्यांना घरी परत पाठवलं, अशी कथा आहे. त्यानंतर त्या कुटुंबानं काय भोगलं ते महाराष्ट्राला माहीत आहे. मला त्यातले गुरू महत्त्वाचे वाटतात. शिष्य कुणाला मागे टाकून आला याची त्यांनी चौकशी केली. तुमच्या महाराजांनी वहिनींबद्दल कधी एका शब्दानं विचारलंय का? एफडी मात्र आश्रमाला जायची आहे, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. मी त्यांना ओळखत नाही, म्हणून एवढंच म्हणते : मोह सोडायला सांगणारा माणूस तोच मोह आपल्या पावतीपुस्तकात जमा करून घेत असेल तर दोन पावलं मागे व्हा.

तुम्ही म्हणाल, ताई, तुम्ही संसारी बाई, तुम्ही असंच बोलणार. म्हणून तुमच्याच रोजच्या देवळाचं घ्या. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात लोकांना हाताशी धरून तळं खोदलं, 68 लिंगं स्थापली. वीरशैव परंपरेत गोष्ट अशी आहे की संत अल्लमप्रभू इथं आले आणि त्यांनी सिद्धरामांना दगडमाती उपसणारा वड्डर म्हणून हिणवलं. तळी बांधतोस, देवळं बांधतोस, पण ‘मी बांधलं’ हे कुठं सुटलंय? ही कथा माझ्या बाजूची नाही, हे मला कळतं. चांगल्या कामाचाही मोह होतो असं ती सांगते, आणि ते खरं आहे. पण बघा, अल्लमप्रभूंनी तळं बुजवायला सांगितलं नाही. सुटायचा होता तो ‘मी’. तळं गावाला राहिलं. तुम्ही सकाळी त्याच्याच काठानं देवळात जाता. तुमचा कारखानाही तसाच राहू द्या. त्या मागांवर ज्यांची चूल पेटते, त्यांना पगार वेळेवर आणि दिवाळीला बोनस मिळू दे, आणि ‘मी मालक’ हे रोज थोडं थोडं सोडा. कामगारानं माल बिघडवल्यावर आवाज चढतो का, भावानं न विचारता सूत घेतलं तर पोटात कालवतं का, तिथं बघा. डोळे मिटून बसल्यावर जे दिसत नाही ते कारखान्यात दिवसाला चारदा दिसेल.

अजून एक विचारते, रागावू नका. वडील गेल्यावरच हे सगळं सुरू झालं. स्मशानवैराग्य खोटं नसतं, पण ते दुःख असतं, आणि दुःखाला वेळ हवा असतो. लगेच सह्या नकोत. साडेतीनला उठता की साडेतीनला जाग येते आणि पुन्हा झोप लागत नाही? भूक, काम, माणसं, सगळ्यातलंच मन उडालंय का? असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर ते नैराश्यही असू शकतं. एकदा मानसोपचारतज्ज्ञांना भेटून या. जप चालू ठेवून भेटता येतं. खरं वैराग्य असेल तर गोळीनं ते जाणार नाही.

वहिनींशी बोला, म्हणजे ऐका. त्या हॉलमध्ये झोपतात ते त्यांचं उत्तर आहे, तुम्हाला प्रश्न ऐकू आला नाही इतकंच. गांधीजींनी 1906 साली ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं तेव्हा कस्तुरबांना विचारलं होतं, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. तुम्ही वर्षभर न विचारता पाळताय. वहिनींना हे चालेलही, किंवा चालणार नाही. पण त्यांच्या बाजूचा निर्णय तुम्ही परस्पर घेऊ नका. कायदाही इथं मुका नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात जोडीदारानं संन्यास घेणं हे घटस्फोटाचं कारण धरलंय. म्हणजे तुम्ही मोकळे व्हाल तेव्हा त्यांनाही मोकळं होण्याचा आणि पोटगी मागण्याचा हक्क आहे.

हक्कसोडपत्रावर इतक्यात सही करू नका. मिळकत वडिलोपार्जित ठरत असेल तर 2005 च्या दुरुस्तीपासून मुलीलाही त्यात मुलासारखाच जन्मतः हक्क आहे. कागद वकिलांना दाखवा, आणि वकील भावाचे नकोत, तुमचे वेगळे. कामातून अंग काढायचंच असेल तर आधी अर्धा दिवस काढा. मुलगी स्वतःच्या पायावर उभी राहीपर्यंत आश्रमात आठ-पंधरा दिवस राहून या, हवं तर दर वर्षी जा.

आणि पाणी यायच्या पहाटे मोटर तुम्ही लावा. टाकी भरेपर्यंत जिन्यात उभं राहून जप होतो. नाम घ्यायला शांतता लागत नाही. अरणच्या सावता माळ्यांनी मळ्यात कांदा-मुळा खुरपत घेतलं, आणि पंढरपूर जवळ असूनही मळा सोडला नाही.

एफडीची पावती आज संध्याकाळी वहिनींच्या हातात द्या. मुदत कधी संपते, नॉमिनी कोण, सगळं दाखवून द्या, आणि मुलीलाही समोर बसवा.

— ताई