आईची केमो सुरू आहे. ती एकादशी सोडत नाही आणि बाबा देवघरात येत नाहीत. अशा वेळी रोजचं घर कसं चालवायचं?

तुम्ही लिहिलंय की औषधाचं सगळं डॉक्टर सांगतात, पण घरात कसं वागायचं हे कुणी सांगत नाही. आई उपवासाला अडून बसलीय, बाबांनी देवाला हात जोडणं सोडलंय, आणि दोघांची समजूत काढण्यात तुमचा दिवस जातोय. मी डॉक्टर नाही. बार्शी तालुक्यातल्या एका माळकरी घरातली थोरली सून आहे. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्यांना, स्तनाचा कॅन्सर झाला. त्यांचं रेडिएशन संपत आलं तोवर धाकट्या भावजींच्या गालात निघाला. म्हणून तुमचे दोन्ही प्रश्न आमच्या घरात एकाच वेळी होते.

आधी सरळ उत्तर देते. आईंची एकादशी मोडायला जाऊ नका, फक्त त्या दिवशी पोट रिकामं राहू देऊ नका. बाबांना देवघरात ओढू नका, त्यांना दुसरं काम द्या.

उपवासाचं सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त भांडणं त्यावरूनच होतात. केमोचं औषध भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतं. त्यात कॅन्सरच्या पेशी मरतात, तशा तोंडाच्या आणि आतड्याच्या आतल्या अस्तराच्या, केसांच्या मुळाशी असलेल्या आणि हाडाच्या मगजात रक्त तयार करणाऱ्या पेशीही मरतात. त्या पुन्हा भरून यायला शरीराला प्रथिनं लागतात. आत्यांना पहिल्या चार केमोंत लाल रंगाचं एक औषध होतं आणि सोबत सायक्लोफॉस्फामाइड. हे दुसरं औषध लघवीवाटे बाहेर पडताना मूत्राशयाला त्रास देतं, म्हणून त्या दिवसांत भरपूर पाणी प्यायचं असतं. तेव्हा निर्जळी एकादशी हा विषयच नको. हे आम्ही आत्यांना डॉक्टरांकडूनच ऐकवलं, त्यांच्यासमोर बसून. सुनेनं सांगितलं असतं तर तो वाद झाला असता. डॉक्टरांनी सांगितलं आणि त्यांनी मान हलवली.

मग एकादशीला आमच्याकडे भगर आणि शेंगदाण्याची आमटी व्हायची, सोबत उकळलेलं दूध आणि राजगिऱ्याचा लाडू. साबुदाण्याच्या खिचडीनं पोट भरतं, पण त्यात ताकद देणारं फारसं काही नसतं, शेंगदाणे घालाल तेवढंच. आईंना शुगर असेल तर साबुदाणा आणि रताळं दोन्ही जपूनच द्या. फळं सोलून खायची द्या, केळं सगळ्यात सोपं. पानात भात-भाकरी नव्हती म्हणून आत्यांची एकादशी पाळली गेली, आणि पोटात काहीतरी गेलं म्हणून आमचाही जीव भांड्यात पडला. आत्यांची केमो दर एकवीस दिवसांनी असायची आणि एकादशी महिन्यात दोनदा येते, त्यामुळे ती कधी ना कधी नेमकी अशक्तपणाच्या आठवड्यात येते. आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर केमोच्या तारखा लाल पेनानं लिहायचो आणि त्या आठवड्यात एकादशी आली की आदल्या दिवशीच शेंगदाणे भाजून ठेवायचो.

दुसरी अडचण माळेची. तुमच्या आई माळकरी असतील तर हे आधीच ठरवून ठेवा. माळकरी माणूस गळ्यातली तुळशीची माळ उतरवत नाही, माळेशिवाय अन्न-पाणी घेत नाही. ऑपरेशनला मात्र अंगावरचं सगळं काढावं लागतं, मंगळसूत्र, जोडवी, माळ, सगळं. आत्या स्ट्रेचरवर असताना हा प्रश्न आला असता तर त्या रडल्या असत्या. म्हणून मामंजींनी आदल्या रात्रीच विषय काढला. म्हणाले, “तुझी माळ मी माझ्या गळ्यात घालतो. तू बाहेर येईपर्यंत मीही काही खाणार नाही.” सकाळी त्यांनी ती स्वतःच्या माळेवर घातली आणि आत्यांना आत नेल्यावर तसेच बाकावर बसून राहिले. पुढे रेडिएशनच्या वेळीही हा प्रश्न होताच. छातीवर शाईच्या खुणा केलेल्या असतात, त्या पुसू द्यायच्या नाहीत, आणि भाजल्यासारखी झालेली कातडी कशानंही घासू द्यायची नाही. मग माळ मनगटावर बांधली. त्या कातडीवर हळद, भस्म, तेल, काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावायचं नाही. हे घरातल्या म्हाताऱ्यांनाही बजावून सांगा, कारण हळद लावायला हात आपोआप पुढे येतो.

देवघरातल्या बाकीच्या गोष्टीही थोड्या बदलाव्या लागतात. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. त्या दिवसांत देवळातलं तीर्थ, कच्च्या दुधाचं पंचामृत, कापून ठेवलेल्या फळांचा प्रसाद नको. तीर्थ डोळ्यांना लावायचं, प्यायचं नाही. कुणी अंगारा आणला तर कपाळाला, जिभेवर नाही. उदबत्तीच्या वासानं आत्यांना उमळून यायचं, म्हणून आम्ही उदबत्ती बंदच केली, नुसती समई लावायचो. फोडणीच्या वासाचंही तेच. त्यांची खोली स्वयंपाकघराला लागून होती, ती बदलून पुढच्या सोप्यात खाट टाकली. हरिपाठ मात्र रोज संध्याकाळी त्यांच्या खाटेपाशी व्हायचा. त्यांना म्हणवलं तर त्या म्हणायच्या, नाहीतर डोळे मिटून ऐकायच्या.

आणि एक थर्मामीटर देवघराच्या कप्प्यातच ठेवा, म्हणजे शोधावं लागत नाही. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याच्या वर गेला की त्याच घटकेला हॉस्पिटल गाठायचं. रात्र असो, घरात सत्यनारायण असो, पाव्हणे जेवायला बसलेले असोत. पेशी कमी असताना आलेला ताप जिवावर बेतू शकतो. घरची गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही.

केसांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तो दिवस येईल म्हणून सांगते. त्या लाल औषधानं दोन-तीन आठवड्यांत केस जातात. सवाष्णीनं डोकं मोकळं करायचं नाही, अशी आत्यांची ठाम समजूत होती. गळणाऱ्या केसांपेक्षा त्यांना तीच भीती जास्त होती. मामंजी म्हणाले, “तिरुपतीला बाया केस देतात की नाही? तुझे तिथंच दिले असं समज.” त्यांच्या या वाक्यानं जे झालं ते आमच्या कुणाच्या समजावण्यानं झालं नसतं. नवऱ्याचा शब्द अशा वेळी फार मोठा असतो. तुमचे बाबा देवापुढे उभे राहत नसतील, पण आईपुढे उभे राहू शकतात. ते त्यांना सांगा.

आता भेटायला येणाऱ्यांचं. “कुठल्या जन्माचं पाप” हे वाक्य मी आमच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. मोठ्या माणसांनाही मी तोंडावर सांगितलं की मावशी, हे बोलायचं असेल तर बाहेर ओट्यावर बोला. आत्यांनी आयुष्यात मिश्रीसुद्धा लावली नव्हती. स्तनाच्या कॅन्सरमध्ये बहुतेक बायकांच्या बाबतीत बोट दाखवावं असं एक कारण सापडतच नाही. भावजींचं कारण माहीत होतं, वर्षानुवर्षं गालात धरलेला तंबाखू-चुना. पण ते कारण आहे, पाप नाही. कारण समजलं की आपल्या पोरांना त्यापासून दूर ठेवता येतं. पाप म्हटलं की आजारी माणूस स्वतःलाच खात बसतो. तसंच नवसाचं. ज्यानं नवस बोलला त्यानंच तो फेडायचा, हा नियम मामंजींनी घातला. “बरी झालीस की तुला पायी पंढरपूरला नेईन” असं बोलून आजारी माणसाच्या अंगावर ओझं टाकायचं नाही. झाडपाल्याच्या पुड्या आणल्या तर त्यांचे आभार मानायचे, पण पुडी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पोटात जाऊ द्यायची नाही. कॅन्सर लागट नाही, ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही, नातवंडांनी खुशाल कुशीत शिरावं. केमोनंतरचे पहिले दोन दिवस तेवढे उलटी किंवा लघवी साफ करताना हातमोजे घाला.

एक गोष्ट आमच्या भागाची म्हणून सांगते. बार्शीत १९८७ पासून खेड्यापाड्यांतल्या कॅन्सरची नोंद ठेवली जाते. नोंदणीची माणसं गावोगाव येतात, माहिती सांगतात. त्यामुळे गाठ लागली तेव्हा आत्यांनी ती लपवली नाही, मला सांगितली. त्यांचे उपचार बार्शीतच झाले आणि त्या रोज संध्याकाळी घरी असायच्या. याचा केवढा आधार असतो ते भावजींच्या वेळी कळलं.

भावजींचं ऑपरेशन परळच्या टाटा हॉस्पिटलात झालं. जबड्याचा भाग काढून तिथं दुसरीकडचं मांस लावलं, नाकातून नळी घातली. मग सहा आठवडे रेडिएशन, सोमवार ते शुक्रवार रोज, त्यामुळे मुंबई सोडता येत नव्हती. राहायची सोय दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत झाली. अशा सोयींसाठी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात पहिल्याच फेरीत विचारा, पैशाच्या मदतीचंही तिथंच कळतं. रेल्वेचा सवलतीचा फॉर्मही भरून घ्या. उपचाराला जाणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थ्री एसीचं तिकीट माफ असतं, सोबतच्या एका माणसाला त्यात पंचाहत्तर टक्के सूट असते. धाकटी जाऊ आणि माझे मिस्टर आळीपाळीनं कुर्डुवाडीहून रात्रीच्या सिद्धेश्वरनं जायचे. तिची दोन्ही पोरं माझ्याकडे असायची. डबे, शाळा, दहावीचं वर्ष, म्हशीची धार, सगळं चालू होतं. थोरल्यानं धार शिकून घेतली. मामंजींनी भाजी निवडायला घेतली, आमच्या घरात पुरुषानं भाजी निवडलेली मी प्रथमच बघत होते. दिवाळीला चकली-अनारसे केले नाहीत, पण पोरांना अभ्यंगस्नान घातलं, आकाशकंदील लावला. सण पूर्ण बंद करू नका. पोरांना घर कोसळल्यासारखं वाटतं.

भावजींचा देवावरचा विश्वास गेला होता. आईला झालं, मग मला झालं, कुठाय तुमचा पांडुरंग, असं त्यांनी पाटीवर लिहून मामंजींना दाखवलं होतं, कारण तेव्हा बोलता येत नव्हतं. मामंजी आयुष्यभराचे वारकरी. ते वाद घालतील असं मला वाटलं. त्यांनी ती पाटी वाचली, पुसली आणि म्हणाले, “बाळा, तुझ्या वाटची वारी मी करीन. तू नळीतनं दूध तेवढं घे.”

धर्मशाळेत भिंतीवर गाडगेबाबांची दशसूत्री असायची. भुकेलेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, अंध-पंगू-रोग्यांना औषधोपचार, आणि हीच खरी देवपूजा. गाडगेबाबा १९५६ साली गेले. पंढरपूर, आळंदी, नाशिक अशा तीर्थांच्या गावी त्यांनी धर्मशाळा बांधल्या, आणि त्यांच्याच नावाच्या छपराखाली आमचा माणूस झोपत होता. भावजी त्यावर काही बोलले नाहीत. पण थोडी ताकद आल्यावर ते नव्यानं आलेल्यांना नळीतून अन्न कसं द्यायचं ते हातानं करून दाखवायला लागले. गोळी बारीक कुटायची, दूध गाळून घ्यायचं, शेवटी पाणी सोडून नळी धुवायची, नाहीतर ती तुंबते. बिहारचा एक म्हातारा त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून घ्यायचा नाही. भावजी आजही देवळात येत नाहीत. आषाढीला आम्ही टीव्हीवर पहाटेची महापूजा बघतो तेव्हा ते गोठ्यात असतात. आत्यांना याचं वाईट वाटतं, पण त्या बोलत नाहीत. मला विचाराल तर ते जे करतात ते कमी नाही.

म्हणून तुमच्या बाबांसाठी सांगते. आरतीला बोलावणं बंद करा, टोमणाही नको. आईंची फाइल त्यांच्या ताब्यात द्या. रिपोर्ट तारखेप्रमाणे लावणं, पेशी किती आल्या ते वहीत लिहिणं, औषधाच्या रांगेत उभं राहणं, एकादशीला आईंसाठी दूध उकळणं, हे त्यांचं. आईंना सांगा की बाबा त्यांच्या पद्धतीनं तुझंच करतायत. पुढच्या केमोला बाबांनाच आत घेऊन जा आणि एकादशीचा प्रश्न आई-बाबा दोघांसमोर डॉक्टरांना विचारा. जाण्याआधी आईंची शुगर, किडनीचे रिपोर्ट आणि सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्या एका कागदावर लिहून न्या, म्हणजे त्यांनी काय खावं ते डॉक्टरांना नेमकं सांगता येईल.