चिकटलेल्या निगेटिव्ह, बुरशी आणि स्कॅनमधली वर्तुळं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडिलांनी आग्फा क्लिक-३ वर काढलेल्या कृष्णधवल निगेटिव्ह आमच्याकडे प्लॅस्टिकच्या पाकिटांत आहेत. काही पाकिटाला चिकटल्यात, काहींवर जाळ्यासारखे डाग आहेत. पाण्याने धुऊन मग स्कॅन केल्या तर चालेल का? (रत्नागिरी)

उत्तर : पाणी अजिबात लावू नका. ती जाळी म्हणजे बुरशी. चित्र ज्या जिलेटिनच्या थरात असतं, तोच थर ती खाते आणि खाताखाता त्याला पाण्यात विरघळण्याजोगा करून ठेवते. ओलं बोट फिरलं की डागासोबत चेहराही पुसला जातो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं चालणार नाही, बाकीचं त्यात बहुतेक पाणीच असतं. तंतू न सुटणारं मऊ कापड जेमतेम ओलसर करून, न दाबता, एकाच दिशेने फिरवा. आधी कडेच्या कोऱ्या पट्टीवर करून बघा. खिडकी उघडी हवी, आणि जवळपास देवाचा दिवासुद्धा नको. बुरशीने खाल्लेला भाग मात्र परत येत नाही.

चिकटलेली निगेटिव्ह ओढून काढू नका. पाकीट ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डब्यात आठवडाभर ठेवा. मग पाकिटाच्या कडा कापा, निगेटिव्ह टेबलावर सपाट राहू द्या आणि वरचं प्लॅस्टिक स्वतःवरच दुमडत हळूहळू मागे न्या. वाकायचं ते पाकिटाने, फिल्मने नव्हे. जिथे अडेल तिथे थांबा. तेवढा कोपरा प्लॅस्टिकसकट राहिला तरी बेहत्तर.

दोष मुळात पाकिटाचा आहे. मऊ, रेक्झिनसारखा वास येणारं पाकीट पीव्हीसीचं असतं. त्यातलं मऊपणासाठी घातलेलं रसायन सुटत राहतं आणि इमल्शनला, म्हणजे चित्राच्या जिलेटिन थराला, धरतं. बटर पेपरची पाकिटंही दमट हवेत चिकटतात. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची घ्या. क्लिक-३ च्या रोलचे बारा फोटो तीन-तीनच्या चार पट्ट्यांत कापा. नोंद करायची ती निगेटिव्ह आत सरकवण्याआधी. वरून बॉलपेन दाबलं की अक्षरं फिल्मवर उमटतात.

सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर गेली की बुरशीचं फावतं, आणि कोकणात पावसाळाभर ती त्याहून बरीच जास्त असते. म्हणून घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ३० ते ५० च्या दरम्यान ठेवा. त्याखाली गेला तर फिल्म ठिसूळ होऊन वळते. नारिंगी जेल हिरवं पडलं की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास तापवा. डबा जानेवारी-फेब्रुवारीतच भरा, कारण पाकिटं आणि फिल्म स्वतःही ओल धरून असतात. जुलैत भरलेल्या डब्यात जुलैच कोंडला जातो. डांबरगोळ्या नकोत. प्लायवूडच्या कपाटापेक्षा लोखंडी बरं.

प्रश्न : वळलेली ३५ मिमीची पट्टी स्कॅनरच्या काचेवर ठेवून वर दुसरी काच दाबली. स्कॅनमध्ये इंद्रधनुष्यासारखी वर्तुळं आली. (पुणे)

उत्तर : ही न्यूटनची वर्तुळं. फिल्मची चकचकीत बाजू आणि काच यांत हवेचा अतिसूक्ष्म पापुद्रा राहतो, त्यात प्रकाशाची ही नक्षी उमटते. पुसून जात नाही, कारण ती धूळ नव्हेच. चकचकीत बाजूला काच टेकूच नये. टेकवायचीच तर अँटी-न्यूटन (किंचित खडबडीत पृष्ठभागाची) काच घ्या. मंद दिसणाऱ्या इमल्शनच्या बाजूला साधी काच सहसा चालते.

त्याआधी वळण काढा. पट्टी पाकिटात घालून जाड पुस्तकांखाली आठवडाभर ठेवा. मग स्कॅनरसोबत आलेल्या होल्डरमध्ये ती काचेपासून किंचित अधांतरी राहते. तरी चित्र मऊ, म्हणजे किंचित अस्पष्ट, वाटलं, तर होल्डरच्या चारही कोपऱ्यांखाली जाड कागदाचा एकेक तुकडा वाढवत चार-पाच स्कॅन घ्या. चेहऱ्याकडे नका बघू, फिल्मचे कण बघा. ते सर्वांत टोकदार दिसतील तीच उंची कायम ठेवा.

प्रश्न : धूळ आपोआप काढणारी डिजिटल आइस सोय कृष्णधवल निगेटिव्हवर चित्रच बिघडवते. स्कॅनर सदोष आहे का? (ठाणे)

उत्तर : नाही. ती अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांनी धूळ ओळखते. रंगीत निगेटिव्हच्या रंगांतून ते किरण पार जातात, कृष्णधवल चित्र ज्या चांदीचं बनलेलं असतं ती मात्र त्यांना अडवते, त्यामुळे चित्रालाच धूळ समजलं जातं. सोय बंद करा आणि रबरी फुग्याने हवा मारा. तोंडाने फुंकर नको, थुंकी उडते.

प्रश्न : एका डब्यातल्या निगेटिव्हना व्हिनेगरसारखा वास येतोय. (बेळगाव)

उत्तर : ॲसिटेट या प्लॅस्टिकची फिल्म कुजायला लागली की ॲसेटिक आम्ल सुटतं आणि तेच पुढची कूज वाढवतं. उष्णता व ओल दोन्ही त्याला हातभार लावतात. त्या निगेटिव्ह आजच वेगळ्या करा. वर सांगितलेल्या डब्यात चांगल्यांसोबत बिलकूल नकोत. स्कॅनिंगची सुरुवात यांच्यापासूनच करा, कारण पुढे त्या आक्रसतात आणि होल्डरमध्ये सपाट बसत नाहीत. लगेच जमणार नसेल तर दुहेरी झिप पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला यायला काही तास द्या. थंड फिल्मवर बाष्प धरतं, म्हणून तोवर उघडू नका.