थंडीत तैलबैला, लिंगाणा चढायला हलकं सॉफ्टशेल (ताणणारं, हवा खेळती ठेवणारं) जॅकेट घ्यायचंय, काय बघून घेऊ?

आपल्या सह्याद्रीसाठी मेंब्रेनवालं (आत वॉटरप्रूफ पापुद्रा असलेलं) जाड जॅकेट अजिबात नको, पहिल्याच पिचला (चढाईच्या दोरभर टप्प्याला) घामाने आतून ओलं होतं आणि मग बिलेला (साथीदाराचा दोर सांभाळत) उभं राहिलं की वारा लागून कुडकुडायला होतं. नायलॉनमध्ये थोडं इलॅस्टेन (ताणणारा धागा) असलेलं, साधारण ३००-४०० ग्रॅम वजनाचं बघ, बेसाल्टवर घासलं तरी टिकतं. दुकानात घालून दोन्ही हात पूर्ण वर कर, खालची कड हार्नेसमधून (दोर बांधायच्या कमरपट्ट्यातून) सुटून वर आली तर ते जॅकेट सोड, कितीही डिस्काउंट असो. खिसे हार्नेसच्या पट्ट्याच्या वर हवेत, हूड हेल्मेटवरून बसायला हवं (हे दुकानदार कधीच सांगत नाहीत). पावसाचं मात्र विसर, सॉफ्टशेल भुरभुर झेलतं तेवढंच.